तेलाची गोष्ट

दादा,

गेल्या रविवारी मी आमच्या गल्लीत डासांच्या धुराची गाडी आणली. पंचायतीची येते ना, तशीच. फरक इतकाच की ती आबांची फटफटी होती आणि तिच्यावर मी बसलो होतो. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं हे सुन्या मेकॅनिकने मला दोनदा सांगितलं, वर माझ्या तळहातावर पेनाने लिहूनही दिलं. मी त्याच्या तिप्पट घातलं. भीतीने. खरं तर भ्यायचं काही कारण तोवर उरलेलं नव्हतं, पण सवय. किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि मागच्या नळीतून असा पांढरा लोळ उठला की समोरच्या चाळीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून आत नेले. पोरं धुरात नाचत माझ्यामागे धावली. शेजारच्या मास्तरांनी खिडकी लावून घेतली आणि आतून खोकत विचारलं, "बाळाराव, काय जळतंय?"

मी म्हटलं, "काही नाही मास्तर, तेल जरा जास्त झालं."

मास्तर खोकतच म्हणाले, "असं होय. आजवर तुमचं कमी पडल्याचंच ऐकून होतो."

बघ. शहापुरातल्या शेजाऱ्यापर्यंत पोचलेली गोष्ट आहे ही. भावकीत तर ती ठाऊक नसलेलं माणूस सापडायचं नाही. तरी तुला पुन्हा सांगतो, कारण सगळ्या घरात तू एकटाच असा की जो ही गोष्ट कधी शेवटपर्यंत बसून ऐकत नव्हता. आता उठून जायची सोय नाही तुला. ऐक.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. आबांची फटफटी म्हणजे घरातला तिसरा मुलगा, आणि लाडाच्या हिशेबाने पहिला. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत खोंडांची जोडी विकून आबांनी ती तानशाकडच्या एका ठेकेदाराकडून आणली होती. जुन्या पद्धतीचं इंजिन, तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं. विसरलं तर आतला पिस्टन तापून भिंतीला धरतो आणि गाडी जाम होते. हे आबा आपल्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. मी शहापूरला कचेरीत चिकटलो होतो, सुट्टीला घरी आलो होतो. आबांची मिनतवारी करून गाडी घेतली, मुरबाडला जाऊन पेट्रोल भरलं, संध्याकाळी परत आणून पडवीत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शेणव्याला निघाले. धोतर वर खोचलं, किक मारली. किक हललीच नाही. दगडावर पाय आपटावा तसे आबा कळवळले. मग तू गोठ्यातून आलास, बादली खाली ठेवलीस, स्वतः किकवर पाय देऊन बघितलंस आणि मान हलवलीस.

आबांनी एवढंच विचारलं, "काल कोणी नेलती?"

माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. मीच पुढे झालो. म्हटलं, "आबा, माझ्याकडून तेल राहिलं असल."

आता हे का म्हणालो ते मला विचारू नकोस. पंपावरच्या माणसाने तेलाचं डबडं टाकीवर उपडं धरलेलं मला आठवत होतं. शेवटचा थेंब पडायला वेळ लागत होता म्हणून मागचा माणूस कुरकुरला, तेही आठवत होतं. पण आबा समोर उभे असताना स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवण्याइतका धीट मी कधीच नव्हतो. कोणी चोर चोर ओरडलं तर आधी स्वतःचे खिसे चाचपणारा माणूस मी. आणि त्या वेळी तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं. उघडलंस, आणि मिटलंस. मला वाटलं, माझी बाजू घ्यायला उघडलं असेल.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "याच्या हातात चालती वस्तू देऊ नका." आणि खरंच दिली नाही. शेतावरचा पंप तू चालवायचास, आबांच्या कडोसरीची कोठाराची किल्ली तुझ्याकडे आली, मी सुट्टीला आलो की पाहुण्यासारखा ओट्यावर बसायचो. निघताना मात्र आबा दर वेळी मला एकच विचारायचे, "तेल बघितलंस का?" बसने निघालो तरी. मग ते घरात सगळेच विचारू लागले. सुमन लग्न होऊन आली तर तिसऱ्या दिवशी आत्याने तिला शिकवलं की हा कुठे निघाला की असं विचारायचं. माझी मुलं परीक्षेला जाताना मला उलट विचारून जातात.

मग मी काय केलं असेल? लोक हसायच्या आधी आपणच हसावं, हे मला त्यातल्या त्यात जमलं. प्रत्येक लग्नात, बारशात, जागरणात मी ती गोष्ट सांगायला लागलो. आबांची किक, आबांचं कळवळणं, माझं पुढे होणं, सगळं नकलांसकट. वर्षागणिक गोष्ट फुलत गेली. मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावून हसायच्या. लोक पंगतीतून हाका मारायचे, बाळा, तेलाची होऊ दे. आणि तू? मी किकपर्यंत आलो की तू उठायचास. "बैल सुटलाय का बघून येतो," म्हणायचास. परक्याच्या मांडवात आपला बैल कुठून सुटणार, हे मला कधी सुचलं नाही. आणि सगळ्या घरात तू एकट्याने मला कधी विचारलं नाहीस, तेल बघितलंस का म्हणून. एकदाही नाही. मला वाटायचं, दादा मोठ्या मनाचा आहे, भावाला खाली पाहायला लावत नाही.

मी तुझे उपकार मानत होतो रे. इतकी वर्षं. याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही.

फटफटी तू गोठ्याच्या कोपऱ्यात ओंडक्यांवर चढवून ठेवलीस, चारी बाजूंनी पेंढा रचलास. मी दर दिवाळीला म्हणायचो, टेम्पोत घालून मुरबाडला नेऊ, खोलून घेऊ. तू म्हणायचास, भात झोडून होऊ दे. भात झालं की वाल निघू देत. वाल निघाले की पेंढा भरायचा आहे. मला वाटायचं, शेतकऱ्याला सवड नसते. दसऱ्याला मात्र पेंढा बाजूला करून तिला हळदकुंकू लावायचास, झेंडूची माळ घालायचास, आणि सगळ्या नळ्यांना, तारांना करंजेल फासायचास. मेलेल्या गाडीला कोण तेल लावतं? हेही मला सुचलं नाही. मी आपला माळेसाठी फुलं तोडून देत बसायचो.

आबांचा शेवट तुझ्याच डोळ्यांसमोर झाला. देवाजवळची समई मी त्यांच्या उशाशी आणून ठेवली, तू पायथ्याशी उभा होतास, वहिनी त्यांच्या तोंडात पाणी घालत होत्या. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेल बघ रे." नंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी गेले. समईला तेल भरपूर होतं. माझ्या वाट्याला बापाचे शेवटचे शब्द हे आले. आणि तू पायथ्याशी उभा होतास. तिथे तरी, दादा. तेव्हा तर फटफटी चालू झाली असती तरी आबा तिच्यावर बसणार नव्हते. वाकून त्यांच्या कानात एक वाक्य बोलला असतास तर तुझं काय जाणार होतं?

मागे येतो. गोष्ट सांगताना पुढे पळायची माझी खोड तुला ठाऊक आहे.

तू गेलास, त्याच्या दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. पिंड ठेवले, आम्ही मागे सरलो. मी एक वाक्य मनाशी पक्कं करून आणलं होतं. कावळा शिवायला वेळ लागला की लोक एकेक कबूल करतात ना, पोरीचं लग्न करून देऊ, जमिनीचं बघू, तसं मी पुढे होऊन म्हणणार होतो की दादा, फटफटी मी चालू करीन. मला खात्री होती, तुझा जीव तिथेच अडकणार. नदीवर येईपर्यंत वाटेत मी ते वाक्य घोकत होतो. आणि काय झालं? आम्ही पाठ वळवायच्या आत कावळा आला. एक नाही, दोन. भटजी म्हणाले, समाधानी जीव. तात्या म्हणाले, "आयुष्यात खोटं बोलला नाय, म्हणून असा सुटला." सगळे चपला शोधायला लागले. मी वाक्य तोंडात धरून उभाच.

तेव्हा मला वाईट वाटलं. आता संताप येतो. पोटात एवढी मोठी लबाडी घेऊन तू कावळ्याला शिवूच कसं दिलंस?

तेराव्याला वहिनींनी सांगितलं, फटफटी तुमची, भावजी. तू जाण्याआधी निरोप ठेवला होतास की ती बाळ्याला द्या, आणि त्याला म्हणावं, स्वतः समोर बसून खोलून घे. वहिनी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मात्र डोळे पुसले. म्हटलं, बघा, जाता जाता दादाने चालती वस्तू माझ्या हातात दिली. चालती नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पेंढा काढला तर उंदरांनी सीट कुरतडून आत घरटं केलेलं, वायरी तर त्यांनी शेवया समजून खाल्लेल्या. टायरला भेगा. टाकीत गंजाचा चिखल. पण तारा, नळ्या, चाकांच्या कडा करंजेलाखाली अशा लख्ख की मी बोटाने पुसून बघत राहिलो. टाकीतला गंज काढायला सुन्याने उपाय सांगितला, आत चिंचेचं पाणी आणि बारीक खडी घालून हलवत राहा. टाकी हातात धरून हलवायचं वय माझं राहिलेलं नाही. मग सुमनच्या जुन्या पातळाची झोळी बांधली, टाकी तिच्यात घातली आणि दोघं आळीपाळीने झोके देत बसलो. शेजारीण दारातूनच थबकली. म्हणाली, "काय गो सुमन, या वयात?" सुमन म्हणाली, "ह्यांच्या बापाची हाय." शेजारीण अजून आमच्याकडे नीट बघत नाही.

सुन्याचं गॅरेज किन्हवलीच्या नाक्यावर आहे. बोलण्यात वस्ताद. गाडी टेम्पोतून उतरायच्या आधीच म्हणाला, "काका, पिस्टन गेला, बोअर गेला. मी आवाजावरनं सांगतो." मी म्हटलं, गाडी बंद आहे, आवाज कुठला? म्हणाला, "तेच तर." मुरबाडहून नवीन पिस्टन आगाऊ मागवूनही ठेवला होता त्याने. तुझ्या निरोपाप्रमाणे मी समोर स्टुलावर बसलो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेलाची गोष्ट सांगायला लागलो. चार-पाच जण जमले. मी किकपर्यंत आलो होतो. तेवढ्यात सुन्याने प्लग खोलला, आत रॉकेल सोडायला वाकला आणि म्हणाला, "काका, आत काय तरी हाय."

त्याने पकडीने टोक धरलं आणि ओढायला लागला. आतून दोरी निघाली. काळी, तेलाने निथळणारी, वीत निघाली, हात निघाली, तरी येतच होती. जमलेली माणसं हसायला लागली. कोणी म्हणालं, जंत झाले असतील. सगळी निघाल्यावर सुन्याने सहज किकवर हात ठेवला. किक लोण्यासारखी खाली गेली.

दोरी मी हातात घेतली. मला कोणी सांगायची गरज नव्हती. बैलाची वेसण होती ती. सुताची, तीन पदरी, आणि एका पदरात लाल चिंधी वळलेली. बैलाला दृष्ट लागू नये म्हणून आईच्या लुगड्याचा काठ फाडून वेसणीत वळायचा, हे आपल्या गावात फक्त एक माणूस करायचा.

सुन्याने वरचं झाकण खोलून दाखवलं. आतली भिंत आरशासारखी. कुठे ओरखडा नाही. मग हा शहाणा मला म्हणतो, "पन काका, बिनतेलाची गाडी रस्त्यात जाम होते. घरी येऊन, झोपून, सकाळी उठून जाम होईल कशी? एवढी वर्षं गोष्ट सांगता, कोणी इचारलं नाय?" आदल्या मिनिटापर्यंत आवाजावरून पिस्टन घालवणारा हा माणूस. पण खरं होतं. कोणी विचारलं नाही. गोष्टीला कोण विचारतं? आबांना तरी कळलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला. एका वेळी एकावरच रागावता येतं.

मी दोरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तसाच तडक घरी गेलो. आपल्या घरी. वहिनी अंगणात वाल पाखडत होत्या. पुडी उलगडून सुपापुढे ठेवली. मला वाटलं, दचकतील. त्यांनी सूप थांबवलं, दोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हाय का अजून? मला वाटलं उंदरांनी खाल्ली असल."

म्हणजे त्यांनाही ठाऊक.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तू असतास तर तुझ्यावर ओरडलो असतो, तू नव्हतास म्हणून त्या बाईवर ओरडलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ते डोळ्याला हात लावू देत नव्हते, एवढं मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की फटफटी बंद पडायच्या आधी त्याच आठवड्यात शेणव्याच्या वळणावर शाळा सुटलेली असताना आबा फटफटीवरून सरळ पोरांच्या रांगेत शिरले. तू मागून सायकलवर येत होतास, तू पाहिलंस. पोरं पांढऱ्या सदऱ्यांतली, दोन्हीकडच्या भातात उड्या टाकून वाचली. आबा थांबलेसुद्धा नाहीत. घरी येऊन कौतुकाने म्हणाले, आज वळणावर केवढे बगळे उडाले. तू त्यांना गाडी सोडा म्हणालास. ते म्हणाले, "फटफटी थांबंल त्या दिवशी मी थांबन." मग तू फटफटी थांबवलीस. मारक्या बैलाला आवरायची एकच रीत तुला येत होती, तीच केलीस. पिस्टनवर ओरखडा येऊ नये म्हणून वेसण आधी तेलात भिजवून घेतलीस. रात्री प्लगच्या भोकातून ती आत सोडलीस, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी मी मुरबाडहून गाडी परत आणून लावली होती.

वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव यावं असं त्यांच्या मनात नव्हतं, भावजी. तुमीच पुढं झालात."

हे ऐकून मला जे वाटलं ते असं की तुला स्मशानातून परत आणावं आणि पुन्हा पोचवावं. तू किकवर पाय देऊन मान हलवलीस! स्वतः कोंबलेली दोरी आत, आणि वर मान हलवतोस. आपल्या घरात नकला करणारा मी, असं लोक म्हणतात.

मी वहिनींना विचारलं, बरं, आबा होते तोवर नाही बोलला. सांगितलं असतं तर त्यांनी दोरी उपसून परत किक मारली असती, कबूल. आबा गेल्यावर? नंतर इतकी वर्षं होती.

वहिनींनी सुपातले खडे वेचत वेचत सांगितलं, "मी किती वेळा म्हटलं, आता तरी बोला. तर म्हणायचे, बाळ्या ती गोष्ट सांगतो तेव्हा सगळी भावकी त्याच्याकडं बघते. तीच काढून घेतली तर त्याच्याकडं राहील काय?"

दादा, बाकी सगळं एक वेळ सोडीन. पोरांच्या रांगेपुढे माझी अब्रू काय मोठी, हे मलाही कळतं. आबा पुढची सगळी वर्षं पायी चालले, नाक्यावर बसून लोकांशी बोलायला शिकले, पोरांना बोरं वाटायला लागले, कोणाच्या अंगावर न जाता आपल्या बिछान्यात गेले. हे तू केलंस. त्या वळणावरच्या एकेका पोराच्या आईने तुझ्या पाया पडावं. मीही पडतो. पण हे वाक्य? माझ्याकडे राहील काय, हे तू ठरवणार? तू मला विचारलंस का? मला ती गोष्ट नको होती रे. कोठाराची किल्ली हवी होती. एकदा आबांनी म्हणायला हवं होतं, बाळा, जा, मुरबाडला जाऊन ये. आणि तुला वाटलं मी टाळ्यांवर खूश आहे. तू मांडवातून उठून जायचास ते लाजेने, आणि मला कधी वाटायचं की माझी गोष्टच पडली, मग पुढच्या खेपेला आणखी रंगवायचो. तू उठतोस म्हणून मी रंगवायचो, मी रंगवतो म्हणून तू बोलायचा नाहीस. असे आपण दोघे एकाच घरातले म्हातारे झालो.

आणि शेवटी सांगितलंस तेही कसं? मेल्यावर. समोर बसून खोलून घे म्हणे. तू कधी समोर बसलास? मी उलट बोलू शकणार नाही याची खात्री करून घेतलीस आणि मग इंजिनाला बोलायला लावलंस. म्हणून तो कावळा इतक्या झटपट आला. तुझं तू वहिनींकडे सोपवून मोकळा झाला होतास. अडकला तो माझा जीव.

गाडी तयार झाली. नवीन सीट, नवीन वायरी, मुरबाडचे टायर, आणि आतला पिस्टन आबांचाच. सुन्याने मागवलेला तसाच परत केला. धुराची गोष्ट वर सांगितलीच. टाकी रिकामी करून नीट मापाने भरली. आणि दोरी मी खिशात ठेवायला लागलो. मनात होतं, भावकीचा पहिला मांडव पडेल तिथे ती बाहेर काढायची, लाल चिंधीसकट सगळ्यांपुढे धरायची आणि म्हणायचं, आता ऐका खरी गोष्ट. आयुष्यात खोटं बोलला नाही म्हणता ना? बघा.

मांडव परवाच पडला. तात्यांच्या नातीची हळद, मुरबाडच्या अलीकडे. सुमनला मागे बसवून फटफटीवरून गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्यामागे पहिल्यांदा बसली. शेणव्याच्या वळणावर मी उगाच गाडी हळू केली. पोरं नव्हती, बगळेही नव्हते. तिथे मला तुझी आठवण आली आणि राग काही कमी झाला नाही, हे नोंदवून ठेवतो.

फटफटी मांडवापाशी पोचली तेव्हा म्हातारी माणसं आवाजावरून ओळखून उठून उभी राहिली. मग काय, हळद बाजूला. तात्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, "बाळा, आता ती चालू झालीच हाय, तर तेलाची होऊ दे. दादा पन ऐकतोय असं समज."

वहिनी मांडवात आल्या नव्हत्या. वर्षाच्या आत कशा येतील? मागच्या पडवीत त्या तांदूळ पाखडत बसल्या होत्या. कुडाच्या पलीकडून सुपाचा आवाज येत होता. मी खुर्चीत बसलो, उजवा हात खिशात घातला, दोरी मुठीत धरली. सुरुवात केली. म्हशाची जत्रा, खोंड, ठेकेदार. लोक हसायला लागले. मुरबाडचा पंप आला. तेलाचं डबडं उपडं धरणारा माणूस आला, तो मी आजवर गोष्टीत कधी घेतला नव्हता. आणि पलीकडचा सुपाचा आवाज थांबला.

मांडवात दुसऱ्या कोणाला ते ऐकू आलं नसेल. सगळे माझ्याकडे बघत होते, तू म्हणायचास तसेच. मी किकपर्यंत आलो. तू उठून जायचास ती जागा. कोणी उठलं नाही. कुडाच्या मागे एक बाई हातात सूप धरून बसली होती. तिचा नवरा मांडवात उभा करायचा की नाही, हे माझ्या मुठीत होतं.

मी म्हटलं, "आबांनी विचारलं, काल कोणी नेलती? आणि मी पुढे झालो. तेल घातलंच नव्हतं ना राव. पंपावरचा तो माणूस डबडं धरून उभा, मी त्याला म्हणतोय, असू दे, असू दे, आमच्या गाडीला लागत नाही."

मांडव कोसळेल इतके लोक हसले. तात्यांना ठसका लागला. थोड्या वेळाने सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यावर मी रागावलेलोच आहे आणि बराच काळ राहणार आहे. वर भेटलास तर आधी ते किकवर पाय देऊन मान हलवणं पुन्हा करून दाखवायचं, मग पुढचं बोलू.

संध्याकाळी परत निघालो. मुरबाडचा रस्ता सोडून किन्हवलीकडे वळलो. मला वाटलं, आता सुमन म्हणेल, बरं केलंत. किंवा म्हणेल, सांगायला हवं होतं. दोन्हीची उत्तरं तयार ठेवून मी गाडी चालवत होतो. घरी पोचल्यावर ती उतरली, पदर सारखा केला, माझ्या उजव्या खिशाकडे बघितलं आणि म्हणाली, "ती दोरी आता बाहेर काढा. तिसरी पँट हाय ही. तेलाचा डाग निघत नाय."